लेस बांधायचं मिनिट

मंगळवार, सकाळी ६ वाजून २० मिनिटं
मैदानाची कचेरी

विहीणबाई,

काल संध्याकाळी तुमच्या नातीचं बोट मोडलं. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं. दारात सापडलं असं इस्पितळात सांगितलं आहे. दार आपोआप लागलेलं नाही. म्हणून हे पत्र. एरवी अकरा महिने आपण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, उरलेले दिवसही तसेच निघाले असते.

मी मधल्या खोलीत होते. अक्रोड फुटावा तसा आवाज झाला. भिंगरी ओरडली नाही. सात वर्षांच्या पोरीने अशा वेळी घर डोक्यावर घ्यायला हवं. न ओरडण्याची सवय एका दिवसात लागत नाही. ती लागायला वेळ जातो, आणि तो वेळ माझ्या डोळ्यांदेखत गेला आहे.

इस्पितळात पट्टी बांधणाऱ्याने विचारलं, "दार फारच जोरात लागलं वाटतं?"

"वारा," माझा मुलगा म्हणाला.

"मोठा वारा म्हणायचा," तो माणूस म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. भिंगरीही छताकडेच पाहत होती. काल दिवसभर पान हललेलं नव्हतं.

येत्या रविवारी तुमच्या लेकीच्या स्मरणार्थ दौड आहे. निमंत्रण तुम्हाला आलं असेल: जाड कागद, वर सुटलेल्या लेसचं चित्र, खाली माझ्या मुलाच्या बुटांच्या दुकानाचं नाव. 'प्रमुख पाहुण्या : दिवंगत धावपटूच्या मातोश्री.' तुम्ही ते फाडून चुलीत घातलं असेल, आणि ठीकच केलंत. तरी या.

पाच किलोमीटर, पाचशे धावणारे. जमेल ते सगळं डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डाला जाणार. गावाला जी हकीकत माहीत आहे ती अशी: पहाटे धावायला निघालेल्या बाईची लेस सुटली, जिन्यावरून पडली, गेली. म्हणून दौड सुरू होण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट खाली वाकून आपापली लेस बांधायची, दुहेरी गाठीने. ही कल्पना माझ्या मुलाची. लोकांना ती फार हृद्य वाटली. शाळाशाळांतून पत्रकं लागली आहेत.

मला तुमच्याकडून एकच हवं आहे. भिंगरीला घेऊन जा आणि परत पाठवू नका. मी मागितली तर मलाही देऊ नका.

तुमच्या लेकीला निरोप दिला त्या दिवशी तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. लोक धरायला धावले. मी म्हटलं, "मारू दे त्यांना." तुम्हाला वाटलं असेल, बाई मोठेपणा मिरवते आहे. तसं नव्हतं. ती पडली तेव्हा मी खाली फाटकाशी उभी होते, हे तुम्हाला माहीत आहे. त्याहून जास्त आज लिहीत नाही.

हे पत्र मीच तुमच्या शिवणकामाच्या दुकानाच्या दाराखालून सरकवते आहे. उत्तर मैदानावर पाठवा, घरी नको.

भिंगरीची आजी
(दुसरी. पहिली तुम्ही.)


गुरुवार, सकाळी ६ वाजून ५ मिनिटं
मैदानाची कचेरी

विहीणबाई,

उत्तर मिळालं. माझंच पत्र, चार तुकडे करून, पाकिटात. हाताने फाडलेलं नाही, कात्रीने कापलंय. कडा दोरीत आहेत. रागातसुद्धा तुमचा हात हलत नाही, हे मी ओळखून आहे. तुमच्या लेकीचा पायही असाच होता.

पण चिठ्ठी उघडल्याशिवाय इतकी नेटकी कापता येत नाही. म्हणजे वाचलीत. पुढचं ऐका.

सोमवारी बोट मोडलं त्याआधी आमच्या पुढच्या खोलीत दौडीच्या मंडळींची बैठक होती. बँकेतला कारकून, तो नोंदणी पाहतो. लाउडस्पीकरवाला. वॉर्डाचे डॉक्टर. माझा मुलगा लेसच्या मिनिटाबद्दल सांगत होता. सांगता सांगता रडला. तो खोटा रडत नाही, हे लक्षात घ्या. मारतो तेही मनापासून आणि रडतो तेही मनापासून. म्हणून तर लोक फसतात. लोकांचं सोडा, मी फसले.

भिंगरी टेबलाखाली बसून धावणाऱ्यांच्या नंबरांना टाचण्या लावत होती. तिथूनच म्हणाली, "पण आईची लेस तर बांधलेली होती."

कारकून म्हणाला, "लहान आहे बिचारी."

माझ्या मुलाने वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "हो गं राणी. एक बांधलेली होती, एक सुटली होती."

"दोन्ही बांधलेल्या. मी खोलीच्या दारातून पाहिलं. दुहेरी गाठ."

"पोरांचं काय," लाउडस्पीकरवाला म्हणाला, "स्वप्नात पाहतात आणि सकाळी साक्ष देतात." सगळे हसले. हसायला मिळालं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. मीही हसले.

सहा वाजून दहा मिनिटांनी मंडळी गेली. सहा पंचवीसला बोट मोडलं. मधली पंधरा मिनिटं तो अगदी शांत होता. कपबश्या त्याने स्वतः उचलल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. मग तिला हाक मारली आणि म्हणाला, "दारातून पाहिलंस ना? ये, कुठल्या दारातून ते दाखव."

तिने चौकटीवर बोट ठेवून दाखवलं.

हा असा कुठून झाला, हे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. लग्नाच्या बोलणीत तुम्ही मला म्हणाला होतात, "तुम्हाला सून नको, बाई, शर्यतीचं घोडं हवंय." मी हसून सोडून दिलं. पण त्याआधी माझ्याकडे एक शिंगरू होतं.

तो चौदा वर्षांचा होता. शंभर मीटरची अंतिम फेरी. इशाऱ्याआधी पाय उचलला. निशाणवाल्याला दिसलं नाही, मला दिसलं. वेळ मी घेत होते. मी हात वर केला आणि पोटच्या पोराला बाद केलं. मैदानभर टाळ्या. 'घड्याळबाई स्वतःच्या पोरालाही सोडत नाहीत.' हे नाव मला त्या दिवशी पडलं आणि मला ते आवडलं. घरी जाऊन मी त्याला उडी मारायच्या दोरीने मारलं, लाकडी मुठीच्या बाजूने. अकरा फटके. मोजले होते. त्याच्या डाव्या कानामागे अजून खूण आहे, न्हाव्याला दिसते. मारताना मी त्याला म्हणाले होते, "ओरडलास तर पुन्हा एकपासून."

तो ओरडला नाही.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी तुमची लेक पहाटे खाली आली तेव्हा तिचं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. तिने ते लपवलं नाही, माझ्यापुढे धरलं. मी म्हणाले, "पट्टी बांध, पूर्ण बाहीचा सदरा घाल आणि चल, वेळ होतेय." ती त्या दिवशी बावीस सेकंद हळू धावली. मी तिला बोलले.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. बुक्क्या त्याच्या होत्या. दाबणारा हात कुणाचा, ते तुम्ही ठरवा.

रविवारी याल का, एवढंच कळवा.

घड्याळबाई


शनिवार, सकाळी ५ वाजून ५२ मिनिटं
मैदानाची कचेरी

विहीणबाई,

तुमची चिठ्ठी मिळाली. मापाच्या कागदाच्या पाठीवर, कपड्यावर खुणा करायच्या निळ्या खडूने, एकच ओळ: 'लेस कुणी सोडली?'

मी दोन पत्रांत जे टाळलं त्यावर तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. ती गाठ तुमचीच. शिवण संपली की तुम्ही दोऱ्याला मारता ती, दोन फेरे घेऊन आतून ओढायची. लेकीने ती बुटांना लावली. चाळीस वर्षं मी मैदानावर काढली, पण दुसऱ्या कुणाची गाठ इतकी पक्की पाहिली नाही. ती आपोआप सुटणारी नाही, हे तुम्हाला कळणारच.

मी सोडली.

आता क्रमाने लिहिते.

आमचा रोजचा नियम होता. मी फाटकाशी घड्याळ घेऊन उभी. वरच्या दाराची कडी वाजली की खटका दाबायचा. जिना उतरून ती माझ्यासमोरून जायची, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत. ती आत शिरली की खटका पुन्हा. कडी वाजल्यावर कुणी कुणाशी बोलायचं नाही आणि मी फाटक सोडायचं नाही. हा नियम माझा.

त्या दिवशी पाच वाजून बावन्न मिनिटांनी कडी वाजली. मी खटका दाबला. ती खाली आली नाही. वरून त्याचा आवाज आला. "हे काय आहे?"

काय ते मला माहीत होतं. दूरच्या निवासी शाळेचं पत्र, खेळाच्या शिक्षिकेची जागा. तिची शिफारस मीच लिहिली होती, त्याच्या नकळत. माझ्या हातून झालेलं एवढं एक काम बरं होतं, आणि त्यानेच ती गेली.

"नोकरीचं पत्र आहे," ती म्हणाली.

"आणि माझी मुलगी?"

"ती माझ्याबरोबर येईल."

मग पहिला आवाज. भिंतीवर डोकं आपटलं की कसा आवाज होतो, मला सांगावं लागत नाही. खांबावर आदळलेली पोरं मी उचलली आहेत. दुसरा आवाज. तिसरा. ती ओरडली, ती मला. "आई, घड्याळ थांबवा!"

मी वर गेले नाही. घड्याळही थांबवलं नाही. घड्याळाकडे पाहिलं. अडतीस सेकंद झाले होते. आणि विहीणबाई, माझ्या मनात आलं, आजची वेळ गेली.

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग ती जिन्यावरून आली. सतरा दगडी पायऱ्या. उतरली नाही, टाकली गेली. शेवटच्या पायरीशी पडली, डावा पाय अंगाखाली. डोळे उघडे. कानातून रक्त येत होतं, पातळ, थांबत नव्हतं. श्वास चालू होता. छाती हललेली मी पाहिली.

तो अनवाणी खाली आला. "आई, ती पडली. लेस सुटली आणि पडली. तू पाहिलंस."

"लेस बांधलेली आहे," मी म्हणाले. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच.

"मग सोड."

मी गुडघ्यावर बसले. गाठ सुटेना. बोटं रक्ताने निसरडी झाली होती. शेवटी नखाने उकलली, नख मुळापासून गेलं. हे सगळं होईपर्यंत ती माझ्याकडे पाहत होती. ती काय पाहते आहे ते तिला कळत होतं की नाही, मला माहीत नाही. कळत नसावं असं मी अकरा महिने स्वतःला सांगते आहे.

वर जाऊन त्याने भिंत पुसली. सदरा बदलला, मळका माझ्या अंगावर फेकला. पत्र जाळलं. मग गाडी बोलावली. गाडीबरोबर आलेला माणूस तिची नाडी धरून मला म्हणाला, "किती वेळ झाला?"

"पाच मिनिटं," मी म्हणाले.

आणि वेळ सांगितली की खटका दाबायचा, ही अंगठ्याची सवय. मी दाबला. हातात घड्याळ आहे हे तेव्हा लक्षात आलं. सव्वीस मिनिटं अठरा सेकंद.

दुपारी वॉर्डाचे डॉक्टर हात पुसत म्हणाले, "वीस मिनिटं आधी मिळाली असती तर." कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत. मी एकटीच समोर होते. त्याच वॉर्डासाठी आता पाचशे माणसं धावणार आहेत.

का केलंस, असं विचाराल. आईची माया वगैरे लिहिणार नाही, तुम्ही थुंकाल. त्याने 'मग सोड' म्हटलं तो आवाज माझा होता. ओरडलास तर पुन्हा एकपासून, त्याच सुरातला. मला वाटलं, माझे अकरा फटके या एका गाठीत फिटतील. तसलं काही फिटत नसतं. आता तर ते भिंगरीच्या बोटापर्यंत आले आहेत.

तुम्ही पोलिसांकडे जाल तर मी अडवणार नाही. पण त्याला आधी कुणकुण लागली तर पोरगी त्याच्या हातात आहे. म्हणून आधी ती, मग मी.

उद्या सहा वाजता मी माइकवरून मिनिट पुकारीन. पाचशे माणसं खाली वाकतील. माझा मुलगा सगळ्यात पुढे, गुडघ्यावर, फोटोसाठी. भिंगरीचा हात बांधलेला आहे, तिला लेस बांधता येणार नाही. ती उभी असेल, त्याच्या मागे दोन हातांवर. तुम्ही पाण्याच्या टेबलाआड उभ्या राहा. सगळी डोकी खाली गेली की तिला उचला आणि मागच्या फाटकाने निघा. तिथे भाड्याची गाडी उभी असेल. तुमचा गुडघा दुखतो, हे लक्षात आहे. मी साठ सेकंद जाहीर करीन. नव्वद देईन.

वेळेच्या बाबतीत मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले. हे दुसऱ्यांदा.

मी


रविवार, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं
पोलीस ठाणं, बाहेरच्या खोलीतला बाक

विहीणबाई,

ओठ सुजला आहे, बोलायला त्रास होतो. लिहिता येतं.

तुम्ही निघून गेलात, म्हणून पुढचं सांगते. त्याआधी एक तक्रार. तुम्ही तिला उचललंत, चार पावलं गेलात आणि थांबलात. पंचेचाळीसाव्या सेकंदाला! तो दुखरा गुडघा टेकून बसलात आणि पोरीच्या सुटलेल्या लेसा बांधल्यात. दोन्ही. फेरे घेऊन, आतून ओढून. मी माइक धरून उभी, एक डोळा तुमच्यावर, एक मनगटावरच्या घड्याळावर.

कारकून कुजबुजला, "बाई, मिनिट झालं."

"माझ्या घड्याळात झालेलं नाही," मी म्हणाले.

एक मिनिट बावन्न सेकंद. फाटकाबाहेर तुमचा पदर दिसेनासा झाला तेव्हा मी निशाण खाली आणलं.

मागच्या रांगा धावत सुटल्या. पुढच्यांना उशीर झाला, कारण माझा मुलगा उठून मागे वळला होता. भिंगरी नव्हती. तो माझ्याकडे आला, चालत, चेहऱ्यावर तेच दुःखी हसू. माझं मनगट धरून पिरगाळलं.

"कुठे आहे ती?"

"गेली."

"कुणाबरोबर?"

मी सांगितलं नाही. त्याने बुक्की मारली. चारचौघांत तो कधी हात उचलत नाही, म्हणून कुणाला काय झालं ते कळेना. काहींना वाटलं बाईंना चक्कर आली. दुसरी बुक्की बसल्यावर कळलं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं आपण म्हणतो. माझे दोन दात माझ्याच जिभेवर आले.

तो वाकून माझ्या कानाशी बोलला, अगदी हळू. "लेस तू सोडलीस. तुझ्या हातांनी. ती जिवंत होती आणि तू लेस सोडत होतीस. मी बुडालो तर तुला घेऊन बुडेन."

माइक माझ्या छातीशी होता. चालू होता. मी तो बंद केला नाही. मैदानाच्या चारही कोपऱ्यांतून त्याचा आवाज आला, एका कोपऱ्यातून जरा उशिराने. '…घेऊन बुडेन.' मी लाउडस्पीकरवाल्याकडे पाहिलं. त्याचा हात खटक्यावर होता. त्याने तो काढून खिशात घातला.

मग माझ्या मुलाने माझा गळा धरला. अंगठे बरोबर जागी लागले, सराव होता. मी निशाणाची काठी फिरवली. कानावर बसली, डाव्या. जुन्या खुणेवर. तो गुडघ्यावर आला. मी पुन्हा मारलं. तोंडावर. पुन्हा. त्याच्या नाकाचं हाड मोडल्याचं मला हातात कळलं. तो ओरडला नाही. आणि चौथ्यांदा काठी उचलली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मोजते आहे.

काठी टाकून दिली. तोवर डॉक्टर आणि कारकून येऊन त्याच्यावर बसले. त्यात शौर्य नव्हतं. मी मारलं ते सवयीने मारलं. तुम्हाला कुणी वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

गंमत म्हणजे मागच्या रांगांना यातलं काही माहीत नव्हतं. ते पाच किलोमीटर धावून आले आणि पोलिसांना विचारू लागले, पदकं कुठे मिळतात?

इथली अधिकारी तरुण आहे. माझी विद्यार्थिनी नाही, बरं झालं. जबाब लिहून झाल्यावर म्हणाली, "बाई, तुम्हालाही आत बसावं लागेल. पुरावा नष्ट केलात, खोटी माहिती दिलीत."

"ठाऊक आहे. वेळ लिहा."

"कसली?"

"मला आत घेतल्याची."

तिने लिहिली. नीट मुलगी आहे. पलीकडच्या खोलीत तो आहे, नाकात कापूस. मधूनमधून त्याच्या रडण्याचा आवाज येतो. खरा आहे.

भिंगरीच्या पट्टीला तीन आठवडे हात लावू देऊ नका. तिला कुणी 'धाव' म्हणू नये, तिला वाटलं तर धावेल. ती रडली, ओरडली, आदळआपट केली तर शेजाऱ्यांना सांगा, आमच्याकडे हे चालतं. आणि मी बाहेर आले तरी पहिल्या पत्रात लिहिलंय ते पाळा.

खाली नोंद उतरवून देते. एक प्रत ठाण्यात, एक तुमच्याकडे.

तुमच्याकडे सुपूर्द: नात, एक. वय सात. सकाळी ६ वाजून ४ मिनिटं. पोच नको. मी तुम्हाला जाताना पाहिलं आहे.

ठाण्यात सुपूर्द, सकाळी ११ वाजून ५ मिनिटं:

१. मैदानी घड्याळ, चावीचं. काटे २६ मिनिटं १८ सेकंदांवर. अकरा महिने शून्यावर आणलेलं नाही.

२. वेळांची वही. शेवटची नोंद, सुरुवात ५.५२. शेवटाचा रकाना कोरा होता, आज भरला.

३. पुरुषाचा सदरा, पांढरा. उजव्या बाहीवर डाग. दोनदा धुतला, धुणारी मी.

४. माझा जबाब, नऊ पानं. प्रत्येक पानावर सही.

५. उडी मारायची दोरी, लाकडी मुठीची. अधिकारी म्हणाली, हिचा खटल्याशी संबंध नाही. मी ठेवून घ्यायला लावली.

६. बूट, उजव्या पायाचा. लेस सुटलेली. सोडणारी : मी.

७. बूट, डाव्या पायाचा. इस्पितळाने परत दिला तसाच. लेस बांधलेली, दोन फेरे, आतून ओढलेली. बांधणारी : ती. ही गाठ कुणीही सोडू नये.